मिंटवर थांबलो म्हणजे मागे पडलो का?

पत्र थोडक्यात

नौपाड्यातले एक वाचक लिहितात. वय ४७, नोकरी महापेला, रोजचा प्रवास ठाणे-घणसोली लोकलचा. घरी २००१ पासून विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली. लिनक्सचे अनेक तयार संच मिळतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. पहिली सीडी एका मासिकाबरोबर आलेली रेड हॅटची. मग मँड्रेक, मग टपालाने फुकट घरी येणारी उबुंटूची सीडी, फेडोरा, ओपनसुसे, डेबियन, मध्ये दोनदा आर्च. 'सतरा वर्षांत तेरा वेळा बिऱ्हाड हलवलं,' असं ते म्हणतात. २०१८ मध्ये लिनक्स मिंट बसवलं आणि तिथेच राहिले. मिंटबद्दल त्यांची तक्रार नाही. त्रास होतो तो महिन्यातून एकदा, डिप्लोमाचे चौघे मित्र तलावपाळीला भेटतात तेव्हा. त्यातला एक आर्चवाला, एक फेडोरावाला, तिसरा डिप्लोमाच्या दिवसांपासून स्लॅकवेअरवर. मिंटचा विषय निघाला की 'ते नवशिक्यांचं रे' म्हणून हसतात. टोमण्यांना कंटाळून जूनमधल्या एका शनिवारी या वाचकांनी घरच्या डेस्कटॉपवर आर्च चढवलं. त्याच डेस्कटॉपवर त्यांच्या पत्नी स्कॉलरशिपच्या क्लासच्या प्रश्नपत्रिका तयार करतात. सोमवारी सकाळी पावणेसातला त्यांनी फाइल उघडली तर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. प्रिंटर यादीत दिसतच नव्हता. मुलं येऊन बसलेली. बाईंनी आठवतील ते प्रश्न फळ्यावर लिहिले, क्लास घेतला आणि संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, 'तुमचा खेळ माझ्या कामावर नको.' पुढच्या रविवारी मिंट परत आलं. आता हे वाचक विचारतात : आयुष्यभरासाठी एकच डिस्ट्रो निवडायची तर कोणती? मिंटवर रमलो म्हणजे माझं शिकणं थांबलं का? आणि मुलगी बारावीनंतर इंजिनिअरिंगला जाणार आहे, तिच्या लॅपटॉपवर काय घालून देऊ?

उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न तुम्ही शेवटी विचारलेत, पण माझं मन सोमवारच्या पावणेसातलाच अडकून राहिलं. म्हणून आधी त्या चौकोनांबद्दल बोलते.

त्या सकाळी खरं तर काहीच बिघडलेलं नव्हतं. आर्चकडे आपण जेवढं मागतो तेवढंच ते देतं. तशी त्याची रीतच आहे, आणि ती त्यांनी कधी लपवलेली नाही. देवनागरी फॉन्ट तुम्ही मागितला नाहीत, म्हणून तो आला नाही, आणि फॉन्ट नसला की अक्षराच्या जागी चौकोन दिसतो. छपाई सांभाळणारी कप्स नावाची सेवा असते. आर्चवर ती आपणच बसवायची आणि बसवल्यावर सुरूही आपणच करायची. शनिवारी रात्री जागून तुम्ही डेस्कटॉप उभा केलात, वाय-फाय लागलं, ब्राउझर उघडला, आणि झालं असं वाटलं असणार. तुमच्या वापरापुरतं ते झालंच होतं. वहिनींच्या वापरातलं काय काय त्या मशीनवर आहे, याची यादी मात्र कुणीच केली नव्हती.

मिंटवर ती यादी तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी केलेली असते. इथे मराठी वाचणारं माणूस बसू शकतं, त्याला प्रिंट काढायची असू शकते, हे धरून चालूनच ते बांधलेलं आहे. मला विचाराल तर डिस्ट्रो म्हणजे एवढंच : आपल्यासाठी आधीच घेऊन ठेवलेले शेकडो लहान लहान निर्णय. कर्नेल, म्हणजे सिस्टमचा गाभा, तर सगळीकडे तेच, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेलं. त्याच्याभोवती कोणती पॅकेजं (प्रोग्रामांचे गठ्ठे), कोणती सेवा आपोआप सुरू, कोणती बंद, नवी आवृत्ती केव्हा, हे कुणीतरी ठरवतं. आर्चवाल्याला ते स्वतः ठरवायचं असतं. मिंटवाल्याला ते ठरवलेलं हवं असतं, कारण त्याला त्या वेळात दुसरं काहीतरी करायचं असतं.

आता 'नवशिक्यांचं' या शब्दाबद्दल. बसवायला जितकं अवघड तितका वापरणारा जाणकार, हा हिशोब आपल्या मनात कुठून आला, याचा विचार तुम्ही केलाय का? मला वाटतं तो २००१ च्या आसपासचा आहे, आणि तेव्हा तो थोडाफार खराही होता. संगणकातला मोडेम लिनक्सवर चालायचा नाही. मॉनिटरची वारंवारता फाइलमध्ये हाताने लिहावी लागे. साउंडकार्ड बोललं तर घरच्यांना बोलावून ऐकवत असू. ज्याने हे सगळं केलं त्याला काहीतरी येत होतं, यात शंका नाही. पण ते अवघडपण ही तेव्हाची अडचण होती. आपण तिला पदक समजून छातीवर लावलं आणि अडचण गेली तरी पदक काढलं नाही. स्वतः टोरवाल्ड्स वर्षानुवर्षं फेडोरा वापरत आलाय, आणि कारण त्याने अनेकदा सांगितलंय : डिस्ट्रो पटकन बसावी, म्हणजे कर्नेलच्या कामाला लागता येतं. ज्याने कर्नेल लिहिलं त्याला सोपं हवं असण्यात कमीपणा वाटत नाही. मग महापेहून दमून आलेल्या माणसाने तो का मानायचा?

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रातच आहे, पण ती तुमच्या नजरेतून निसटली असावी. स्लॅकवेअरवाले मित्र डिप्लोमापासून तिथेच आहेत. म्हणजे चौघांत सगळ्यात आधी थांबले ते. पॅट्रिक व्होल्कर्डिंगने १९९३ मध्ये सुरू केलेली ही डिस्ट्रो आज चालू असलेल्यांमध्ये सगळ्यात जुनी. तिची १४.२ ही आवृत्ती २०१६ मध्ये आली आणि त्यानंतरची १५.० थेट फेब्रुवारी २०२२ मध्ये. साडेपाच वर्षांहून जास्त काळ ते शांतपणे वाट बघत राहिले आणि त्यांना कुणी मागे पडलेला म्हटलं नाही. आर्चवाले आर्चवर थांबलेत, फेडोरावाले फेडोरावर. चौघेही कधीच स्थिरावलेत. फरक एवढाच की तुम्ही जिथे थांबलात त्या जागेला तुमच्या कट्ट्यावर मान नाही. ही मानापमानाची गोष्ट झाली. तिचा संगणकाशी काही संबंध नाही, आणि ती नवी डिस्ट्रो बसवून सुटणारही नाही. उद्या तुम्ही जेंटू घेऊन प्रत्येक प्रोग्राम घरी कंपाइल केलात, तरी 'अजून स्वतःची का नाही बांधलीस?' म्हणणारा कुणीतरी भेटेलच.

शिकणं थांबलं का, हा तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मीही तुमच्यासारखीच भटकलेय. तेव्हा मी नेरुळला राहत होते. एकदा एका नव्या डिस्ट्रोवर येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि अपडेटच्या मध्येच वीज गेली. पीसीला यूपीएस नव्हता. परत सुरू केला तर काळा पडदा आणि एक लुकलुकणारी रेघ. मी काय केलं? सीडी घातली, सगळं पुसलं, नवं बसवलं. दोन तासांत काम झालं म्हणून मला अभिमानही वाटला.

नंतर एका डिस्ट्रोवर राहिले, तिथे तीन वर्षं झाली, आणि २०१३ च्या जुलैत पुन्हा तेच. बाहेर धो धो पाऊस, अपडेट अर्ध्यावर आणि वीज गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मोठं काम पाठवायचं होतं. या वेळी मी मोबाइल पोळीच्या डब्याला टेकवून उभा केला, त्या उजेडात वहीत आधीच्या अडचणींच्या वेळी लिहून ठेवलेलं पान काढलं आणि वीज आल्यावर रिकव्हरी मोडमध्ये शिरले. अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण करायला सांगणारी डीपीकेजीची आज्ञा दिली. एक पॅकेज अडून बसलं होतं, त्याची फाइल कुठे असते ते मला ठाऊक होतं. चाळीस मिनिटांत माझा डेस्कटॉप, माझ्या फाइली, अर्धवट लिहिलेलं वाक्यसुद्धा जिथल्या तिथे. त्या रात्री माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं मी लिनक्स बसवायला शिकले होते, दुरुस्त करायला शिकलेच नव्हते. दर वेळी पुसून टाकत गेले, म्हणून दर वेळी पहिलीतच बसले.

तुमची तेरा बिऱ्हाडं वाया गेली असं मी म्हणत नाही. पॅकमॅन, झिपर, डीएनएफ, एपीटी या प्रोग्राम बसवणाऱ्या साधनांची तुलना तुम्ही हाताने केलीत. फाइली कुठे असतात, बूट कसं होतं, ग्नोम आणि केडीई या डेस्कटॉपांत काय वेगळं, हे सगळं तुमच्या बोटांत बसलंय. पण चौथ्या-पाचव्या बिऱ्हाडानंतर नवं किती मिळालं, हे प्रामाणिकपणे आठवून बघा. माझ्या अनुभवात तरी नंतर नंतर फक्त वॉलपेपर नवा मिळत होता. २०१८ पासूनच्या वर्षांत तुम्ही एकाच घरात राहिलात आणि त्या घरातली कोणती खिडकी पावसात गळते ते तुम्हाला आता कळतं. हे शिकणंच आहे, फक्त ते कट्ट्यावर सांगण्यासारखं दिसत नाही. आणि अजून हवंच असेल तर मिंटवर राहूनही वाट मोकळी आहे : सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीसाठी एखादी सेवा स्वतः लिहा, एखाद्या पॅकेजमधला दोष नीट शोधून कळवा, मराठी भाषांतरात राहिलेली वाक्यं पुरी करा. त्यातलं शेवटचं काम करायला माणसं फार कमी आहेत.

राहिला 'आयुष्यभरासाठी' हा शब्द. तो मी तुमच्या प्रश्नातून काढूनच टाकणार आहे. तुमच्या स्वतःच्या यादीकडे बघा. रेड हॅट लिनक्स घरगुती वापरासाठी २००३ मध्ये थांबलं आणि त्या जागी फेडोरा आलं. मँड्रेकचं २००५ मध्ये मँड्रिव्हा झालं आणि ती कंपनी २०१५ मध्ये बंद पडली. उबुंटूने २०११ मध्ये युनिटी नावाचं स्वतःचं डेस्कटॉप आणलं, लोकांना सवय लागली, आणि २०१७ मध्ये ते सोडून परत ग्नोमवर आले. तुमच्या यादीत नसलेल्या, सर्व्हरवर चालणाऱ्या सेंटओएसचं तर ताजंच आहे. सेंटओएस ८ वर २०२९ पर्यंत निश्चिंत राहू असं धरून ऑफिसांनी सर्व्हर उभे केले, आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ती २०२१ च्या अखेरीस संपणार. तुमच्या महापे-ऐरोलीच्या पट्ट्यातल्या किती जणांनी त्या वर्षी रात्री जागून रॉकी आणि अल्मा या तिच्या जागी आलेल्या डिस्ट्रोंवर सर्व्हर हलवले असतील, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. असं असताना आयुष्यभराचं वचन कुणाकडे मागणार?

त्यातल्या त्यात टिकाऊ काय, असं विचारलंत तर मी डेबियनचं नाव घेईन. मी स्वतः त्यावरच आहे, तेव्हा माझा कल त्या बाजूला आहे हे धरूनच वाचा. इयन मर्डॉकने १९९३ च्या ऑगस्टमध्ये ते सुरू केलं, काही वर्षांत प्रमुखपद सोडलं, आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये तो गेलासुद्धा. प्रकल्प चालू राहिला. त्याची संविधानासारखी लिखित घटना आहे, दर वर्षी प्रमुखाची निवडणूक होते, आणि त्याचा मालक म्हणावा अशी कंपनी नाही. मिंटसुद्धा अखेर त्याच खोडावरची फांदी. मिंट उबुंटूवर उभं, उबुंटू डेबियनवर. उबुंटू उद्या उरलं नाही तर काय, म्हणून मिंटच्या लोकांनी थेट डेबियनवर बसणारी एलएमडीई नावाची वेगळी आवृत्तीही सांभाळून ठेवलीय. म्हणजे ज्या काळजीने तुम्ही मला पत्र लिहिलंत, ती काळजी तुमच्या डिस्ट्रोने आधीच केलेली आहे.

निवड करताना मी जिला सगळ्यात जास्त वजन देते, ती गोष्ट कट्ट्यांवर फारशी निघत नाही : वेळापत्रक. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला सुमारे तेरा महिने अपडेट मिळतात. म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठा बदल करणं भाग आहे. आर्च आणि ओपनसुसेचं टंबलवीड यांना आवृत्त्याच नाहीत, अपडेट सतत चालू. आठवडाभर लक्ष दिलं नाही तर चालतं, पण तीन महिने मशीन बंद ठेवून एकदम अपडेट केलं तर बसून निस्तरायची तयारी हवी. डेबियन साधारण दोन वर्षांनी नवं येतं आणि एकेका आवृत्तीला एकूण पाच वर्षं सांभाळतात. अलीकडचं, म्हणजे १३ क्रमांकाचं ट्रिक्सी, ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. मिंट उबुंटूच्या पाच वर्षांच्या आवृत्तीवर बसतं. मिंट २२ जुलै २०२४ मध्ये आलं, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

आता याच्या शेजारी तुमच्या घराचं वर्ष ठेवा. जूनमध्ये क्लासच्या नव्या बॅचेस, दिवाळीपर्यंत घाई, मग परीक्षेची धावपळ. मशीनला हात लावायला खरी मोकळीक दिवाळीची सुट्टी आणि मे महिना, एवढीच. अशा घराला पाच वर्षांचं वेळापत्रक शोभतं. २०१८ मध्ये तुम्हाला हे शब्दांत मांडता आलं नसेल, पण तुम्ही थांबलात ते बहुधा याचमुळे. फेडोरावाल्या मित्राची नोकरी किंवा आवड अशी असेल की त्याला दर सहा महिन्यांनी नवं हवंच असेल. त्याच्यासाठी ते बरोबर. मिंटचं एक अंग तर मला विशेष आवडतं. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि सवयीचा मेन्यू, खालची पट्टी सगळं एका फटक्यात गेलं. तेव्हा ज्यांना जुनी मांडणीच हवी होती त्यांच्यासाठी क्लेमाँ लफेव्र आणि मिंटच्या मंडळींनी सिनॅमन हे डेस्कटॉप उभं केलं. लोकांच्या हाताची सवय हीसुद्धा जपण्यासारखी गोष्ट आहे, असं मानून कुणी एवढं काम करावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

म्हणून माझं उत्तर : घरच्या डेस्कटॉपवर मिंटच राहू द्या, आणि ते मशीन आजपासून वहिनींचं समजा. त्यावर काहीही बदलायचं असेल तर आधी त्यांना विचारायचं, तारीख त्यांनी द्यायची. तुम्ही पत्रात लिहिलंत की मिंट परत बसवलं. माफी मागितलीत का, ते लिहिलं नाहीत. राहिली असेल तर मागून घ्या, कारण पालकांनी फी भरून पाठवलेल्या मुलांसमोर वहिनी त्या सकाळी एकट्या उभ्या होत्या.

त्या मशीनसाठी काही कामं करून ठेवा. सिस्टमची आधीची प्रत जपणारं टाइमशिफ्ट चालू असेलच, पण एक नीट लक्षात घ्या : ते सिस्टमच्या फाइली जपतं, होम फोल्डरमधल्या प्रश्नपत्रिका नाही. त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. एक प्रत घरातल्या बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि एक ठाण्याबाहेर कुणा नातलगाकडे, दर दोन-तीन महिन्यांनी बदलायची. प्रत्येक प्रश्नपत्रिका पीडीएफ करूनही ठेवायला सांगा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवलेला असतो, त्यामुळे घरचं मशीन अडलं तर पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातूनही तीच पानं जशीच्या तशी निघतात. त्या सोमवारी असं एक फोल्डर असतं तर वीस मिनिटांत काम झालं असतं. आणि प्रश्नपत्रिका कोणत्या फॉन्टमध्ये आहेत ते बघून तो फॉन्ट जपून ठेवा. मुक्ता फॉन्टऐवजी नोटो फॉन्ट आला तरी अक्षरं दिसतील, पण ओळी सरकतील, आकृती एका पानावर आणि तिचा प्रश्न दुसऱ्या पानावर जाईल. नवं काही बसवल्यावर मी नेहमी 'ऱ्हास', 'दुसऱ्या', 'तऱ्हा' हे शब्द टाइप करून बघते. ऱ्ह आणि ऱ्य नीट आले, कीबोर्डवर ते सापडले, की मगच पुढची कामं.

मिंटची आयएसओ, म्हणजे बसवायची फाइल, पुन्हा कधी उतरवलीत तर तिचा चेकसम (फाइल खरी आहे ना ते पडताळायचा आकडा) ताडून बघितल्याशिवाय वापरू नका. २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्या संकेतस्थळात शिरून कुणीतरी लोकांना खोट्या आयएसओकडे वळवलं होतं. मिंटनेच ते लगेच जाहीर केलं आणि खऱ्या फाइलींचे चेकसमही दिले, ते ताडून बघून आपली फाइल खरी की खोटी ते ओळखता आलं.

तुमच्या हौसेचं काय? ती मारू नका. माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांना नवी डिस्ट्रो बसवण्यात तसाच आनंद मिळतो जसा कुणाला जुनी सायकल खोलून जोडण्यात. त्यात गैर काही नाही. फक्त खेळाची जागा वेगळी करा. जुना लॅपटॉप असेल तर उत्तम, नसेल तर वेगळा लहान एसएसडी घ्या. एकाच डिस्कवर दोन सिस्टम नांदवण्याच्या भानगडीत पडू नका, एका चुकीच्या पार्टिशनवर सगळं जातं. नुसतं बघायचं असेल तर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे चालू सिस्टमच्या आतच उघडणारा आभासी संगणक, पुरतं. व्हेन्टॉय नावाच्या प्रोग्रामने एका पेनड्राइव्हवर पाच-सहा आयएसओ ठेवता येतात, रविवारी दुपारी एकेक उघडून बघा. या वेळी आर्च बसवलंत तर ते वर्षभर त्याच एसएसडीवर राहू द्या, मोडलं तरी पुसू नका, दुरुस्त करा. मग मित्राशी बोलायलाही खरा विषय मिळेल. आणि स्वतःच्या लॅपटॉपवर मिंटपासून थोडं पुढे जावंसं वाटलं तर डेबियन घ्या, एपीटीची सगळी सवय तिथे चालेल.

मुलीबद्दल थोडक्यात. तिला काहीही घालून देऊ नका. एक पेनड्राइव्ह द्या, त्यात तीन-चार डिस्ट्रो लाइव्ह, म्हणजे न बसवता, चालतील अशा ठेवा, आणि तिच्या वायफाय, ब्लूटूथ, टचपॅडवर काय चालतं ते तिलाच तपासू द्या. कॉलेजच्या लॅबमध्ये जे असेल त्याच्या जवळचं तिने घेतलं तर पहिल्या वर्षी सोपं जाईल, एवढं सुचवा. पवईला आयआयटी मुंबईत फॉसी नावाचा प्रकल्प आहे. मुक्त सॉफ्टवेअर शिकवण्यासाठीच तो चालतो, सर्किटसाठी त्यांचं ईसिम नावाचं सॉफ्टवेअर आहे. स्पोकन ट्यूटोरियल या प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत. तिला ते दाखवून ठेवा. विंडोज लागणारच असेल तर राहू द्या. ती तुमच्या मिंटवर यावी अशी मनात इच्छा असेल तर तेवढी मनातच ठेवा. तुम्हालाही २००१ मध्ये ती सीडी कुणी लावून दिली नव्हती.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही दोन शब्द. ज्यांना लिनक्सवर येऊन वर्ष-दोन वर्षंच झालीत त्यांनी खुशाल भटकावं, हेच ते वय. ज्यांच्या ऑफिसात करविवरणं भरायला डिजिटल सहीचं टोकन लागतं, त्यांनी ते टोकन लिनक्सवर चालतं की नाही ते आधी बघावं, मगच विंडोज पुसावं. घरच्या प्रिंटरचंही तेच, आपल्याकडे घरोघरी दिसणारे काही छोटे लेझर प्रिंटर लिनक्सवर फार सतावतात. आणि तुमच्यासारख्या वीस-पंचवीस वर्षं मुरलेल्यांना मी एक विनंती करेन. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची सुरक्षा अपडेट साधारण वापरकर्त्यांसाठी थांबली. आपल्या सोसायट्यांमध्ये चांगली चालणारी, पण विंडोज ११ न घेणारी कितीतरी मशीनं आहेत. निवृत्त शिक्षक, दवाखान्याचं काउंटर, वाचनालयाचं टेबल. त्यांना काय बसवून द्यायचं आणि नंतर फोन आला की शांतपणे काय सांगायचं, हे ज्याला येतं असा माणूस त्या इमारतीत तुम्हीच असाल. तिथे ते 'नवशिक्यांचं' मिंटच लागेल.

तलावपाळीला पुढच्या वेळी जाल तेव्हा स्लॅकवेअरवाल्या मित्राला विचारा, १५.० ची वाट बघत असताना त्यांना कधी सोडून जावंसं वाटलं का. मला खरंच उत्सुकता आहे. जमलं तर त्यांचं उत्तर मला कळवा.

आणि आज रात्रीच वहिनींना विचारून त्यांच्या मशीनवरून एक प्रश्नपत्रिका छापून बघा, दोन्ही बाजूंनी, सगळी पानं. तिसऱ्या पानावरची आकृती आणि तिचा प्रश्न एकाच पानावर आलेत ना, तेवढं त्यांच्याकडून बघून घ्या.